डिझेल गाडी परवडते कुणाला?



गाडी घेण्यावर लिहितोय म्हटल्यावर आमच्या काही कार्यकर्ता मित्रांच्या कपाळाला आठ्या पडणार, हे मला माहीत आहे. शिष्यवृत्त्या अडकल्यात, भरत्या रखडल्यात, अ‍ॅट्रॉसिटीच्या केसेस तारखांवर तारखा खातायत, आणि याला गाड्या सुचतायत! पण मित्रांनो, नोकरीला लागलेली पोरं मला गेली काही वर्षं सगळ्यात जास्त वेळा कोणता प्रश्न विचारतात, तर ‘दादा, गाडी कोणती घेऊ?’ आणि त्यातल्या निम्म्यांच्या डोक्यात उत्तर आधीच ठरलेलं असतं: डिझेल घ्यायची, डिझेल परवडते.

कुणाला परवडते? हा प्रश्न कुणी विचारत नाही. ज्या घरात पहिलाच माणूस पगारावर लागला आहे, त्या घरातून घराखालोखाल सगळ्यात मोठी रक्कम जाते ती गाडीवर. घर घेताना हाच माणूस दहा जणांना विचारतो, वकिलाला कागद दाखवतो. गाडीच्या वेळी मात्र शोरूमच्या एसीत बसून वीस मिनिटांत सात वर्षांच्या हप्त्यावर सही करून येतो. बाबासाहेब अर्थशास्त्राचे डॉक्टर होते हे आपण जयंतीच्या भाषणात सांगतो. त्यांच्या लेकरांना आपल्या स्वतःच्या गाडीचा प्रतिकिलोमीटर खर्च काढता येऊ नये, हे मला पटत नाही.

मी २०१२ साली छोटी डिझेल गाडी घेतली. त्या वेळचा सगळा हिशोब खाली मांडतो. आजचे आकडे वेगळे आहेत, ते शेवटी सांगतो. पद्धत मात्र तीच आहे.

खडकीला डिझेल नवीन नाही. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स १९४६ पासून इथलीच. गावागावांत विहिरीवर धडधडणारी इंजिनं आमच्या शेजारून तयार होऊन जायची. चाळीतले दोन-तीन काका तिथे फिटर होते, आणि लहानपणी आम्हाला इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड ओळखायची विद्या त्यांच्याकडून फुकट मिळाली. माझे वडील अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत. ती तर १८६९ पासूनची. सकाळी भोंगा झाला की सायकलींची रांग लागायची. घरापासून फाटकापर्यंत पंधरा मिनिटं. वडिलांच्या पिढीला ‘गाडी परवडते का’ हा प्रश्न पडलाच नाही, कारण त्यांचं काम सायकलच्या अंतरावर होतं.

आमच्या पिढीची कामं मात्र उठून चाकणला, तळेगावला, रांजणगावला गेली. घरं जिथल्या तिथे राहिली. पगार दिसायला वाढला, पण त्यातला एक तुकडा रोज रस्त्यावर सांडायला लागला. गाडी घेणाऱ्या कामगाराला चैनखोर म्हणणाऱ्यांनी आधी हे अंतर बघावं.

मी रांजणगाव एमआयडीसीत क्वालिटीला होतो. खडकीतून होळकर पूल ओलांडायचा, येरवड्यावरून नगर रोडला लागायचं, मग खराडी, वाघोली, लोणीकंद, पेरणे फाटा, कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, आणि मग रांजणगाव. एका बाजूने सुमारे पन्नास किलोमीटर. कंपनीची बस खडकीकडे येत नव्हती. पीएमपीने वाघोली आणि पुढे टमटम असं केलं की रात्रपाळीला पोचण्याची खात्री नाही. दोन वर्षं मोटरसायकलवर काढली. पावसाळ्यात वाघोलीच्या पुढे ट्रकच्या चाकांचं पाणी तोंडावर घेत जाणं काय असतं, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. पाठ गेली ती वेगळीच.

जाता जाता एक गोष्ट. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची आणि कोरेगावची १ जानेवारी १८१८ ची. दोन महिन्यांच्या आत पेशवाईच्या या दोन लढाया जिथे झाल्या, तो जवळपास सगळा पट्टा मी रोज दोनदा पार करायचो. पेरणे फाट्याला जयस्तंभ दिसला की हात आपोआप छातीशी जायचा. बरोबर बसणारा एक मराठा मित्र सुरुवातीला गंमत करायचा. नंतर तोच मला झोप लागली असली तर ‘उठ, तुझा स्तंभ आला’ म्हणून हलवायचा.

आता हिशोब. २०१२ च्या मे महिन्यात पेट्रोल एका रात्रीत सात रुपयांहून जास्त वाढलं होतं. पेट्रोलचे भाव सरकारने २०१० मध्येच मोकळे सोडले होते, डिझेलचे मात्र अजून धरून ठेवलेले. त्यामुळे दोन्हींत लिटरमागे तीसेक रुपयांचं अंतर पडलं. जो तो डिझेल गाडीमागे धावत होता. स्विफ्ट डिझेलला महिनोन् महिने वेटिंग. मी वडिलांच्या जुन्या वहीत असं मांडलं: पेट्रोल ७५ रुपये, छोटी पेट्रोल गाडी रस्त्यावर १५ चं अ‍ॅव्हरेज देईल, म्हणजे किलोमीटरला ५ रुपये. डिझेल ४५ रुपये, अ‍ॅव्हरेज २०, म्हणजे सव्वादोन रुपये. किलोमीटरमागे पावणेतीन रुपये वाचले. पण डिझेलची सर्व्हिस महाग, ऑईल जास्त लागतं, फिल्टर महाग. त्याचे ४० पैसे वजा केले. उरले २ रुपये ३५ पैसे.

आणि नवी डिझेल गाडी त्याच कंपनीच्या पेट्रोल गाडीपेक्षा साधारण एक लाख वीस हजारांनी महाग होती. एक लाख वीस हजार भागिले २.३५. उत्तर येतं ५१ हजार किलोमीटर. म्हणजे पहिले ५१ हजार किलोमीटर तुम्ही डिझेलने काहीही वाचवत नसता, शोरूममध्ये जास्त दिलेले पैसे फक्त परत मिळवत असता. माझं रनिंग महिन्याला अडीच हजार होतं. वीस-एकवीस महिन्यांत फिटलं, त्यानंतर सगळी बचत माझी. माझे मेव्हणे त्याच वेळी डिझेल बघत होते, कारण ऑफिसात सगळे डिझेल घेत होते. त्यांचं रनिंग महिन्याला पाचशे. त्यांना ते पैसे सुटायला साडेआठ वर्षं लागली असती! एकच गाडी, एकच पंप, एकच भाव. मला परवडत होती, त्यांना नाही. गाडीचा खप वाढवणाऱ्या जाहिरातीत हा भागाकार कुणी दाखवत नाही.

यात अजून एक आकडा आला. रांजणगावला जाणारे आम्ही तिघे होतो. रोजचे शंभर किलोमीटर, डिझेल सव्वादोनशे रुपयांचं, माणशी पंचाहत्तर. त्याच अंतराला पन्नासचं अ‍ॅव्हरेज देणाऱ्या मोटरसायकलला दीडशे रुपयांचं पेट्रोल लागायचं. इंधनापुरतं बोलायचं तर तिघांत वाटलेली डिझेल गाडी मोटरसायकलच्या निम्म्यात पडत होती, वर डोक्यावर छत. (पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं घेऊन माणसं नेणं कायद्यात बसत नाही. आम्ही महिन्याचा इंधनखर्च वाटून घ्यायचो, सीटचं भाडं कधी लावलं नाही. हा फरक नीट लक्षात ठेवा.)

मग कोणती? नवी घ्यायचीच नाही हे माझं आधी ठरलं. नवी गाडी शोरूमच्या बाहेर पडली की तिची किंमत उतरायला लागते, आणि तो उतार दुसऱ्याच्या खिशातून गेलेला बरा. त्यात मी उलटा विचार केला. सगळे सांगत होते, मारुती घे, रीसेल चांगली आहे. पण सेकंडहँड घेणाऱ्याला चांगल्या रीसेलचा काय उपयोग? उलट तोटाच, कारण तीन वर्षांची स्विफ्ट जवळजवळ नव्याच्या भावात. टाटांच्या गाड्यांची किंमत मात्र बाजारात लवकर पडायची. पडलेली किंमत विकणाऱ्याला मारते आणि घेणाऱ्याला तारते. म्हणून मी २००९ ची इंडिका व्हिस्टा बघायला लागलो, क्वाड्राजेट इंजिनवाली.

त्या इंजिनाची गोष्ट आपल्या पोरांनी माहीत करून घ्यावी. बोनेटवर नाव टाटाचं असो की मारुतीचं, आत इंजिन एकच: फियाटचं १२४८ सीसीचं मल्टीजेट. मारुती ते फियाटच्या परवान्यावर मानेसरला बनवायची आणि डीडीआयएस म्हणायची. टाटा त्यालाच क्वाड्राजेट म्हणायची, आणि टाटाकडे ते फियाटच्या रांजणगावच्या कारखान्यातून यायचं. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, व्हिस्टा, पुंटो, सगळ्यांत तेच. गाड्यांवर लिहिणारे गमतीने त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. म्हणजे लोक नावासाठी लाख-लाख रुपये जास्त मोजत होते आणि आतलं काळीज सारखंच होतं. (जातीबद्दलही हेच लिहिता येईल, पण आज विषय गाडीचा.) या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलण्याचा मोठा खर्च नाही. माझ्यासारख्या जास्त रनिंगवाल्याला हे महत्त्वाचं होतं.

एका कार्यकर्ता मित्राला वाटलं मी मारुती तत्त्वासाठी नाकारली. १८ जुलै २०१२ ला मानेसरच्या कारखान्यात जो प्रकार झाला तो ताजा होता. सुपरवायझरने एका दलित कामगाराला जातिवाचक बोलल्यावरून वाद पेटला, असं युनियनचं म्हणणं. कंपनीची कहाणी वेगळी. त्या दिवशीच्या हिंसाचारात आणि आगीत कंपनीच्या मनुष्यबळ विभागाच्या अधिकाऱ्याचा जीव गेला, शेकड्याने कामगार तुरुंगात गेले, आणि २०१७ मध्ये ११७ जण निर्दोष सुटले, ३१ दोषी ठरले. मित्राने पाठीवर थाप मारली तेव्हा मी त्याला खरं ते सांगितलं: मारुती सोडली ती किमतीसाठी. कंत्राटी कामगाराचा प्रश्न एका कंपनीपुरता नाही, नगर रोडच्या दोन्ही बाजूंना तो पसरलेला आहे, आणि गाडीचा ब्रँड बदलून तो सुटत असता तर बरं झालं असतं.

पैसे. इथे थोडं सविस्तर बोलतो, कारण आपली माणसं इंजिनात फसत नाहीत, कर्जात फसतात. एका खासगी फायनान्सवाल्याने माझे सगळे कागद घेतले, पगाराची स्लिप बघितली, सिबिल बघितला, आणि पत्ता वाचल्यावर म्हणाला, ‘हा एरिया निगेटिव्हमध्ये येतो.’ निगेटिव्ह एरिया म्हणजे काय विचारलं तर म्हणे वसुलीला अडचण येते. मी आजवर कुणाचा रुपया बुडवलेला नव्हता. पण वस्तीचं नाव माझ्या आधी तिथे पोचलं होतं. गावकुसाबाहेरच्या वस्तीची हद्द आता कॉम्प्युटरमध्ये आखली जाते, एवढाच बदल. शेवटी कामगारांच्या पतसंस्थेतून दोन लाख काढले, पाऊण लाख साठवलेले होते, आणि पावणेतीन लाखांत व्हिस्टा घेतली. तीन वर्षांत कर्ज संपलं. आपल्या पतसंस्थांना नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. पण तिथे माणूस तुम्हाला ओळखतो, ही तारणापेक्षा मोठी गोष्ट आहे.

तुम्ही कुठूनही कर्ज काढा, दोन आकडे काढल्याशिवाय सही करू नका. पहिला: चार लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण ८,७०० आणि एकूण व्याज एक लाख बावीस हजार. तेच सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ६,८५० वर येतो आणि माणूस खूश होतो, पण व्याज जातं एक लाख पंचाहत्तर हजार. अठराशे रुपयांचा महिन्याचा दिलासा त्रेपन्न हजारांना पडला. दुसरा: ‘फक्त सात टक्के फ्लॅट’ असं कुणी म्हणालं तर उठून या, किंवा निदान कागद पेन मागा. फ्लॅटमध्ये तुम्ही फेडलेल्या रकमेवरही शेवटपर्यंत व्याज लागत राहतं. पाच वर्षांचं सात टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर साडेबारा टक्के. गुणाकार घरी करून बघा.

आता कुणी म्हणेल, गाडी म्हणजे नुसते पैसे असतात का? आपल्या माणसाला गाडीत काय वाटतं ते तुला कळत नाही का? कळतं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये बाबासाहेबांनी स्वतःच्या दोन प्रवासांबद्दल लिहिलंय. १९०१ साली लहान भीमराव भावंडांबरोबर मसूर स्टेशनवर उतरले, जात कळल्यावर एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं दिलं आणि बैलगाडी या मुलांनीच हाकायची, या अटीवर प्रवास झाला. पैसे खिशात होते, गाडी समोर होती, तरी बसता येत नव्हतं. ज्याच्या आजोबा-पणजोबांनी हे सोसलं, त्याला स्वतःच्या गाडीचं स्टिअरिंग हातात आल्यावर भरून येणारच. मलाही आलं होतं. वडील पहिल्या दिवशी मागच्या सीटवर बसले. पुढे या म्हटलं तर म्हणाले, ‘नको, मागंच बरं, साहेब मागं बसतात.’

पण दुसरा प्रसंग पण वाचा. १९२९, चाळीसगाव. टांगेवाले बाबासाहेबांना न्यायला तयार नव्हते. आपल्या लोकांना त्यांनी वस्तीत पायी चालत यावं हे सहन होईना. म्हणून टांगा मिळवला आणि आपल्यापैकीच एकजण हाकायला बसला, ज्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. लिहिताना त्यांनी लोकांचं प्रेम पाहिलं तसंच हेही पाहिलं की मान राखण्याच्या नादात प्रवाशाच्या जिवाचा विचार मागे पडला. आज आपल्या वस्तीत नेमकं तेच होतं. मान राहावा म्हणून मोठी गाडी, अलॉय व्हील, सनरूफ. आणि एअरबॅगवालं मॉडेल पंचवीस हजारांनी महाग म्हणून नको. २०१४ च्या सुरुवातीला ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच गाजलेल्या छोट्या गाड्या भिंतीवर आदळून पाहिल्या, तेव्हा एअरबॅग नसलेल्या पाचही मॉडेलना शून्य तारे मिळाले होते. जुनी गाडी घेताना हे आवर्जून बघा.

सेकंडहँड डिझेल बघायला जाताना इंजिन थंड असताना जा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर थांबा, चहा प्या, थंड होऊ द्या. सकाळच्या पहिल्या स्टार्टला सगळं कळतं. इंडिका, व्हिस्टा, डिझायर यांत टॅक्सीला चाललेल्या खूप असतात, पाटी नंतर पांढरी होते. म्हणून आरसी नीट वाचा. मीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, सर्व्हिसची बिलं मागा, क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर बघा. चाळीस हजार चाललेल्या गाडीचं रबर गुळगुळीत नसतं. मालकाचं कर्ज असेल तर बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ठेवणं म्हणजे गाडी नावावर होणं नव्हे. आरटीओत जमा करा.

अ‍ॅव्हरेजबद्दल. कंपनी जो आकडा सांगते तो चाचणीचा असतो. आपल्या कोथरूडच्या एआरएआयसारख्या संस्थेत रोलरवर गाडी पळवून तो काढतात. त्या रोलरवर वाघोलीचा ट्रॅफिक नसतो. वडिलांनी निवृत्तीनंतर माझ्या गाडीची वही धरली होती. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल, मधले किलोमीटर, भरलेलं डिझेल. नगर रोडला ६०-७० च्या स्पीडने टॉप गिअरमध्ये गेलो तर २० च्या वर मिळायचं. खडकी बाजार, बोपोडी, संचेती असं शहरातच फिरलो तर १५ सुद्धा कठीण. सरासरी सात वर्षांची १८.७. टायरची हवा आठवड्याला बघा, यापेक्षा स्वस्त उपाय मला सापडला नाही.

एक गोष्ट वहीत बसत नाही. जून २०१२ मध्येच, म्हणजे मी हिशोब मांडत होतो त्याच दिवसांत, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. माझे २ रुपये ३५ पैसे वाचत होते, तेव्हा तो धूर कुणाच्या छातीत जात होता? रस्त्याच्या कडेला झाडू मारणाऱ्या बाईच्या, सिग्नलवर उभ्या असलेल्या हवालदाराच्या, हायवेला लागून असलेल्या वस्तीतल्या पोरांच्या. ज्यांच्याकडे गाडी नाही तेच गाडीचा खर्च श्वासातून भरतात. यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. तिघांनी एका गाडीत जाणं, फिल्टर-इंजेक्टर वेळेवर बघणं, पीयूसी पैसे देऊन न घेता खरोखर करणं, आणि जिथे लोकल जाते तिथे गाडी न काढणं, एवढं मी करत आलो.

विम्याबद्दल आपल्या लोकांना वेगळं सांगावं लागतं. १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमा, सणसवाडी भागात दगडफेक झाली, गाड्या फोडल्या, जाळल्या. रोज ज्या रस्त्याने कामाला जायचो त्याच रस्त्यावर जळालेल्या सांगाड्यांच्या बाजूने पुढचे काही दिवस गेलो. ज्याच्याकडे फक्त थर्ड पार्टी विमा असतो त्याला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा छदाम विम्यातून मिळत नाही. ओन डॅमेज असलेल्या पॉलिसीत मात्र दंगलीचं नुकसान धरलेलं असतं. गाडी जुनी झाली म्हणून लोक थर्ड पार्टीवर येतात. ज्यांच्या गाडीवर निळा झेंडा लागतो त्यांनी ते चार-पाच हजार वाचवण्याआधी विचार करावा.

आता आजचं. डिझेलचे भाव ऑक्टोबर २०१४ मध्ये मोकळे झाले आणि ते तीस रुपयांचं अंतर इतिहासजमा झालं. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० धरा. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. छोट्या डिझेल इंजिनाला ते नियम पाळायला लावायचं तर गाडी एवढी महाग होते की मारुतीने डिझेलच सोडून दिलं, इतरांनीही छोट्या गाडीतून काढलं. अल्ट्रोजसारखा एखादा अपवाद. आपल्या राज्यात डिझेल गाडीला पेट्रोलपेक्षा रोड टॅक्सही जास्त आहे. दीड लाखांचा फरक धरला आणि मघाचाच भागाकार केला तर आता किलोमीटरमागे दोनच रुपये हातात उरतात, आणि पैसे सुटायला साधारण चौऱ्याहत्तर हजार किलोमीटर लागतात. महिन्याला अडीच हजार चालवणाऱ्याला जवळपास अडीच वर्षं. हजार चालवणाऱ्याला सहाहून जास्त. शिवाय बीएस-६ डिझेलला काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो स्वतःला साफ करायला मधूनमधून लांब, मोकळा रस्ता मागतो. खडकी ते शिवाजीनगर एवढ्यासाठी ती गाडी वापरली तर फिल्टर तुंबतो आणि दुरुस्तीचं बिल बघून रडू येतं. सीएनजी ९० रुपये किलो धरा, २४ किलोमीटर जाते, म्हणजे पावणेचार रुपये. डिझेलपेक्षा स्वस्त. पंपावरची रांग आणि डिकीत न मावणारी बॅग, हे त्याचे तोटे. इलेक्ट्रिक स्वस्त चालते यात शंका नाही, पण आमच्या चाळीत गाडी रात्री लावायला जागा मिळते हेच नशीब, तिथे चार्जिंगची वायर कुठून ओढणार?

माझी व्हिस्टा २०२४ मध्ये पंधरा वर्षांची झाली. मीटर पावणेतीन लाखांवर होता. २०१९ नंतर मी भोसरीला कामाला लागलो, रनिंग कमी झालं. पुनर्नोंदणीला पाच हजार फी, वर टायर आणि सस्पेन्शन. वडिलांच्या वहीत शेवटची बेरीज केली आणि गाडी रीतसर भंगारात देऊन सर्टिफिकेट घेतलं.

सध्या भाच्याचं चाललंय. शिवाजीनगरला कोर्टाजवळ ऑफिस, डिझेल एसयूव्ही हवी, सात वर्षांचा हप्ता. मी त्याला वही दिली. बोपोडीहून २०२३ पासून मेट्रो आहे, थेट जिल्हा न्यायालयाला उतरवते. खडकीहून लोकल आहेच. त्याचं गाडीचं खरं रनिंग निघालं महिन्याला साडेतीनशे, तेही रविवार आणि लग्नं धरून. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. मग फोन आला, ‘मामा, पाच वर्षांची सीएनजी वॅगनआर मिळतीय, एक मालक, कर्ज आहे बँकेचं.’ रविवारी सकाळी सातला बघायला जायचं ठरलंय. मालकाला गाडी आधी चालू करू नको म्हणून सांगून ठेवलंय.